पायरीवरच्या गाण्याची नोंद

धाकटीला परदेशात मुलगा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपणाला आईबापांना जाता आलं नाही, बापाचं गाणं तेवढं तिकडे पोचलं. बाप गवंडी. विटा रचताना थापीच्या ठेक्यावर त्यानं ते धाकटीसाठी जुळवलं होतं. आता ती बाळाला म्हणायची. शेजारणींनी ते उचललं, आणि तिथल्या एका गायनमंडळानं पुस्तिकेत छापलं. खाली लिहिलं, 'कर्ता अज्ञात'.

साठी उलटल्यावर अक्षरं शिकलेल्या बायकोनंच धाकटीच्या पत्रातून हे वाचून दाखवलं.

"अज्ञात?" गवंडी छातीचं दुखणं विसरून खाटेवर उठून बसला. "अगं, मी इथे चांगला धडधाकट बसलोय की!"

"धडधाकट म्हणे! आडवे व्हा, खोकला येईल."

धाकटी फोनवर म्हणाली, "आई, गाण्याच्या हक्काची दोन्हीकडे नोंद करू. तू तिथे, मी इथे. बाबांचं नाव लागलंच पाहिजे. इथला दाखला मिळाला की मीच घेऊन येते."

'घेऊन येते' हे शब्द म्हातारीनं मनात जपून ठेवले.

नोंदणी कार्यालयात अर्ज भरताना एक रकाना आला: प्रथम प्रकाशनाचं स्थळ व दिनांक. बराच विचार करून तिनं लिहिलं, 'मागच्या दाराची पायरी. धाकटी चालायला लागली तो दिवस.'

कारकून हसला. "आजी, पायरीवर छापखाना होता काय?"

"छापखाना कशाला? तिथेच त्यांनी पहिल्यांदा चारचौघांत म्हटलं."

"चौघं कोण?"

"मी आणि ती."

त्यानं ते खोडून 'अप्रकाशित' लिहायला लावलं. तिनं लिहिलं, पण खोडताना एकच बारीक रेघ ओढली.

महिन्याभरात इथला दाखला आला. त्याच आठवड्यात धाकटीचं पत्र आलं: 'आई, इथल्या अर्जात मी मागच्या दाराची पायरी लिहिली होती. कार्यालयातल्या बाईंनी खोडायला लावली.'

म्हातारीनं ते तीनदा वाचलं. गवंड्यानं चौथ्यांदा वाचायला लावलं.

"पोरीला पायरी आठवते अजून," तो म्हणाला. "येतेय कधी?"

"तिकडचा दाखला मिळाला की."

तो रोज दुपारी खाट मागच्या दाराशी ओढून घ्यायला लावू लागला.

नातू सात महिन्यांचा असताना, मंगळवारी सकाळी, गवंडी वारला. तिकडचा दाखला घेऊन धाकटी शुक्रवारी पोचली. त्यावर कर्त्याचं नाव बरोबर होतं, आणि पुढे लिहिलं होतं, 'हयात'.