गळतं कुठं, दिसतं कुठं

दसरा तोंडावर आला आणि पिकअपखाली तेलाचं थारोळं दिसलं.

वाडीतल्या त्या अंगणाला तेलाचं काही नवल नव्हतं. देवराव होते, गॅरेज चालत होतं, तेव्हा तिथली मातीच काळी झाली होती. कुसुमताईंनी किती वेळा मोगरा लावून पाहिला, एकदाही जगला नाही. पुढे देवराव गेले, गॅरेजचं शटर उतरलं, मुलाने अंगणात फरशी बसवली. मातीत मुरणारं तेल कुणाच्या डोळ्यांवर येत नसे, पण फरशीवरचं थारोळं सकाळी दार उघडताच दिसलं.

"गेली गाडी," विक्की म्हणाला. "गेअरबॉक्सचं ऑइल गळून राहिलं, आई. सील फुटलं असन. आता दीक्षाभूमीले नेता नाही येत. रस्त्यात बंद पडली तर काय करशील?"

दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून माणसांचा लोट येतो, आणि त्यांना जेवण वाढायचं काम वस्तीतल्या बाया वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. पातेली, शेगड्या, कणकेची पोती, सगळं देवरावांच्या गाडीतून जायचं. पिकअपच्या आधी टेम्पो होता, टेम्पोच्या आधी हातगाडी, आणि ती हातगाडी देवराव स्वतः ढकलत. खरं तर कुसुमताईंच्या मनात ही गोष्ट त्याच्याही मागे, पार दीक्षेच्या पहिल्या वर्षापर्यंत जाऊन पोचत होती. त्या वर्षी त्या बापाच्या खांद्यावर बसून आल्या होत्या. भाषणातलं एक अक्षर आठवत नाही. आठवतात ती पांढरी कापडं, नजर पोचेल तिथवर पांढरी, आणि कोण कुठली एक बाई, जिने फडक्यातली भाकर मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली होती. वस्तीतल्या कुणीही विचारलं, की एवढा खटाटोप काहून करता, तर त्या हसून विषय बदलत. अर्ध्या भाकरीची गोष्ट सांगून कुणाला कळते?

"रामाजीभाऊले बोलावते," त्या म्हणाल्या.

"त्या बुढ्याले काहून? दसरा होऊ दे, मी सर्व्हिस सेंटरले नेऊन दाखवतो."

"दसरा झाल्यावर काय कराचं तिचं?"

दुपारी रामाजी आले. देवरावांच्या जोडीने त्यांनी अर्धं आयुष्य गाड्यांखाली काढलं होतं. आता गुडघे बोलत असत, पण फरशीवर पोतं टाकून ते आडवे झाले, की गुडघे गप्प व्हायचे.

"काय गा विक्की, बाप मेकॅनिक अन् पोरगा गाडीले ताप आला तर दुरून पाहते?"

"काका, मले कपडे खराब कराचे नाही आहेत. गोडाऊनले जाचं आहे."

"जा न मंग. तुले कोण पकडून ठेवलं?"

पण विक्की गेला नाही. मोबाइल हातात धरून गेटला टेकून उभा राहिला.

रामाजींनी थारोळ्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. "लाल असतं तर स्टिअरिंगचं. कायकुट्ट असतं तर इंजिनचं. हे मधावानी आहे अन् गंधकावानी वास मारून राहिलं. गेअरबॉक्सचंच."

"तेच तर मी सकाळपासून सांगून राहिलो," विक्की म्हणाला. "मागचं सील गेलं."

"सील गेलं का नाही ते गाडी सांगन. गळतं कुठं, दिसतं कुठं. गाडी पुढं पळते, वारा तेल मागं फेकते. मागचं सारंच ओलं दिसते, मंग लोक बिचाऱ्या सीलले बदनाम करतात." त्यांनी रॉकेलच्या फडक्याने गेअरबॉक्स पुसून लख्ख केला आणि खालून हाक मारली, "वहिनी, पावडर आहे काय घरात? तोंडाले लावाची?"

"आता हिले नवरी करता काय?"

"करून पाहू. नवरी घामाली, की कुठून घामाली ते दिसते."

कुसुमताईंनी आपला डबा आणून दिला. रामाजींनी गेअरबॉक्सभर पावडर शिंपडली, मग स्वतः गाडी काढून अमरावती रोडच्या नाक्यापर्यंत एक चक्कर मारून आणली. गाडी उभी राहिली तेव्हा कुसुमताई बॅटरी घेऊन तयारच होत्या. देवराव गाडीखाली असताना उजेड धरायचं काम त्यांचंच होतं. हात कुठे न्यायचा हे कुणी सांगावं लागत नसे. पाटावर बसून त्या वाकल्या.

मागचं सील पांढरं कोरडं होतं. पावडरीचा कणही भिजला नव्हता. बाजूला मात्र, जिथून तेल भरतात त्या बोल्टापासून एक मधाळ ओघळ निघून पावडर कापत मागे गेला होता.

आणि त्या बोल्टावर रेघ होती.

ही रेघ देवरावांची. सीताबर्डीच्या फुटपाथवरून ते लाल नेलपॉलिशची बाटली आणत, आणि वाडीतले ड्रायव्हर त्यांची थट्टा करत. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. रेघ जुळलेली असली, तर बोल्टाला कुणी हात लावलेला नाही. देवराव गेल्यावर रामाजींनी ती रीत सोडली नव्हती. पावसाळ्याआधी या गाडीत तेल त्यांनीच भरलं होतं.

आता लोखंडावरची अर्धी रेघ जागच्या जागी होती आणि बोल्टावरची अर्धी वर सरकली होती. बोल्टाच्या कडांवर पान्याचे ताजे चकाकते ओरखडे होते.

खाली रामाजींनी त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. मग पाना लागल्याचा आवाज आला, आणि ते अंग झटकत बाहेर आले.

"ढिल्ला झाला होता. हादऱ्यानं. तेल थोडंसं टाकलं की झालं. तुमची गाडी चंगी आहे, वहिनी."

ते कुसुमताईंकडे पाहत नव्हते. विक्कीकडेही नाही. हात धुऊन चहा न घेता निघाले. या घरातून ते चहा न घेता गेले, असं कुसुमताईंना आठवत नव्हतं.

गेट लागल्यावर त्यांनी विक्कीला विचारलं, "पाना कोणी लावला?"

"म्हणजे?"

"तुझ्या बापाची रेघ मले ओळखू येत नाही काय रे?"

विक्कीने मोबाइल खिशात टाकला. क्षणभर तो लहानपणी काच फोडल्यावर दिसायचा तसा दिसला. मग चेहरा सरळ झाला.

"लावला मीच. मंग? गोडाऊनमध्ये दसऱ्याचा सीझन आहे. ऑनलाइनचे पार्सल पडून राहिले. त्या दिवशी ज्याची गाडी नाही आली, त्याची गाडी कायमची बंद करतो म्हणे तो सुपरवायझर. तुले सरळ सांगतलं असतं तर तू ऐकली असती काय? रडली असती, बाबाचं नाव काढलं असतं. म्हणून केलं. तुले वाईट वाटू नये म्हणून."

"सांगून तर पाहाचं होतं."

"आता सांगून राहिलो न. गाडी माझ्या नावावर आहे, आई. दसऱ्याले गोडाऊनलेच जाईन." तो आत गेला. आतून त्याचा आवाज आला, आणि त्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. "बरं झालं काका आले. मलेही ते नाटक जमत नव्हतं."

कुसुमताई पाटावर बसून राहिल्या. पोराने खोटं बोलायची तसदी घेतली होती. रात्री उठून, कपडे मळवून, तेल सांडून. त्या खोट्यात आईची थोडी भीड होती. ती भीड त्यांनी आपल्याच हाताने उजेड धरून शोधून काढली, आणि रामाजींनी आवळून बंद केली. आता मुलाला त्यांच्यापासून काही लपवायची गरज उरली नव्हती.

दसऱ्याच्या पहाटे पिकअप निघून गेली. थोड्या वेळाने बाया जमल्या. पांढरी लुगडी नेसलेल्या, डोक्यावर परातींची उतरंड. सर्वांत पुढे पार्वतीबाई. सिलिंडर चढवायला म्हणून रामाजीही आले होते.

"जय भीम, कुसुम. गाडी कुठं वं?"

"जय भीम." खरं ओठांवर होतं. पण वस्तीत एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि पोराला याच वस्तीत राहायचं होतं. उद्या त्याच्या पाठीमागे बोट दाखवून हसायला याच बाया असत्या. कुसुमताई म्हणाल्या, "गाडी बिघडली. गेअरबॉक्सचं ऑइल गळून राहिलं."

"पण रामाजीभाऊ आले होते न परवा? नाक्यावर मीच पाहिलं, मस्त चालवून राहिले होते!"

"आले होते." त्यांनी खाली पाहिलं. "त्याईले नाही समजलं."

बाया रामाजींकडे वळल्या. रामाजींच्या हातात सिलिंडर होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"हो बाई," ते म्हणाले. "नाही समजलं. आता डोळे नाही राहिले पहिल्यासारखे."

"घ्या! बुढा झाला गा रामाजी!"

"मंग आता आमच्या पोराची गाडी नाही आणत गा तुमच्याकडं!"

सगळ्या हसल्या. रामाजीही हसले. मग ते रस्त्यावर गेले आणि नाक्यावरून दोन ई-रिक्षा बोलावून आणल्या. भांडी दोनदा उतरवून पुन्हा रचावी लागली. कणकेचं एक पोतं मागेच राहिलं, शेगडीही एकच मावली. यंदा अर्ध्याच माणसांना पुरेल एवढं जेवण निघालं.

शेवटी मोठं पातेलं उरलं. त्याला दोन्हीकडून धरल्याशिवाय उचलता येत नाही. रामाजींनी एक कडी धरली. कुसुमताई पुढे झाल्या आणि त्यांनी दुसऱ्या कडीला हात घातला.

"राहू द्या, वहिनी," रामाजी म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत त्यांनी हाक मारली, "पार्वतीबाई, या बरं जरा. तुम्ही धरा."