आत्तींचं नाव

कसबा बावड्यात ऊन घरापुढच्या सोप्यातून उतरलं की तानाबाई आणि तिची थोरली जाऊ चिमणाबाई शेंगा फोडायला बसत. दोघींचा उभा जन्म एकाच चुलीपाशी गेला होता. आता तानाबाईची पाठ धरायची आणि चिमणाबाईची, म्हणजे अक्काची, आठवण सुटत चालली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना आयतं उत्तर देऊ नका, त्यांचं त्यांना आठवू द्या. डोकं वापरलं तर राहील.

सांगायला डॉक्टरांचं काय जातंय? "माझ्या भावाचं नाव काय?" हे अक्का सकाळपासून निजेपर्यंत विचारायची. "केरबा" म्हणून म्हणून तानाबाईचं तोंड शिणलं होतं. मग पुण्याची नात राजनंदिनी आली आणि फोनमध्ये बोलकं यंत्र घालून गेली. घरातली नाती, नावं, लग्नं, मयती, सगळं तिनं त्याला सांगून ठेवलं. अक्कानं विचारायचं, त्यानं गोड आवाजात सांगायचं. कितीदाही विचारा, कंटाळा नाही. अक्का त्याला पावणं म्हणायची. पावणं लई शानं हाय, पर च्या घेत न्हाय, एवढीच तिची तक्रार. तानाबाईचा मात्र कैक वर्षांनी दुपारी डोळा लागू लागला. एकादशी कधी, लोणच्याला मीठ किती, हेही ती हळूहळू त्यालाच विचारायला लागली.

भाद्रपदातल्या पितृपक्षात, सासूच्या म्हाळाच्या आदल्या दिवशी, अक्कानं शेंग फोडता फोडता विचारलं, "आत्तींचं नाव काय गं?"

आत्ती म्हणजे दोघींची सासू. तानाबाई सांगायला गेली. नाव येईना. हात आपसूक फोनकडं गेला. जिच्या हाताखाली भाकरी थापायला शिकलो, जिचं शेवटचं दुखणं काढलं, तिचं नाव पावण्याला विचारायचं? अक्काच्या वाटेनं आपणही निघालो की काय?

ती कण्हत उठली. फोन बंद करून पिठाच्या डब्यामागं ठेवून आली.

"आठव की," ती अक्काला म्हणाली.

"तू आठव. तुझीबी सासूच की ती."

शेंगा फुटत राहिल्या. तानाबाईला आत्तींचं लुगडं आठवलं, मिश्रीचा वास आठवला, शिव्यासुद्धा आठवल्या. नाव तेवढं नाही. येणार तरी कसं? सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, ही रीत. आत्ती आत्ती करण्यातच जन्म गेला. जे जिभेनं कधी वापरलंच नाही, ते जिभेवर कुठून येणार? पण कुणीतरी घेतच असेल.

"अक्का, आत्तींना नावानं हाक कोण मारायचं?"

अक्काचे हात थांबले. ती दाराकडं वळली. मग बाप्याचा जाड आवाज काढून म्हणाली, "सुंद्रे, कुत्रं धर गं, मी आलोय."

आत्तींचा भाऊ. पंचमीला न्यायला यायचा आणि कुत्र्याला भिऊन रस्त्यातच उभा राहायचा. तानाबाई हसता हसता डोळे पुसू लागली. सुंद्राबाई. खोल आडातून एक घागर ओढून काढावी तसं तानाबाईचं अंग गळून गेलं होतं.

घटकाही गेली नसेल, अक्कानं सूप पुढ्यात ओढलं. "माझ्या भावाचं नाव काय गं?"

तानाबाईनं पिठाच्या डब्याकडं पाहिलं. पाठ ठणकत होती, डोळ्यांवर झोप होती. तिनं मूठभर शेंगा अक्काच्या ओंजळीत घातल्या.

"त्येला हाक कोण मारायचं, ते सांग आदी."