कालच्या पुरणाच्या गुझिया

संकठा घाटाजवळ राहणाऱ्या गोपीनाथ गुरुजींकडे त्या होळीला वाईची मंडळी जेवायला यायची होती. चांगली पंधरा माणसं, काशीयात्रेला निघालेली. त्यांचे म्होरके श्रीरामपंत यांनी आधीच कळवून ठेवलं होतं, की काशीत असलो तरी होळीची पुरणपोळी चुकता कामा नये. गुरुजींच्या बायकोने, सुनीतीने, ते फारच मनावर घेतलं. भाताचं मोठं पातेलं, वरण, कटाची आमटी, बटाट्याची सुकी भाजी आणि परातभर पुरण, असा थाट करून ती तव्यापाशी बसली. पोळ्या तेवढ्या माणसं पानावर बसली की गरम गरम लाटायच्या होत्या.

माणसं आलीच नाहीत. दिवेलागणीला गुरुजी स्टेशनवर चौकशी करून परत आले, ते गाडी वाटेत कुठेतरी रखडल्याची आणि उद्याशिवाय येत नसल्याची बातमी घेऊन. घरात खाणारी तोंडं तीन: गुरुजी, सुनीती आणि कॉलेजात जाणारी नंदा. तिघांनी पोटाला तडस लागेपर्यंत पोळ्या खाल्ल्या, तरी परातीतलं पुरण हललंसुद्धा नाही.

हात धुताना गुरुजींनी सांगून टाकलं, की उरलेलं सगळं सकाळी गाईंना घालायचं. यात्रेकरूच्या पानात शिळं वाढायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. सुनीतीने उत्तर दिलं नाही. ती गप्प राहिली की तिला पटलं, असं गुरुजी लग्न झाल्यापासून समजत आले होते, आणि हा गैरसमज तिने कधी दूर केला नव्हता, कारण त्याचा तिला फार उपयोग व्हायचा. तिने आमटी आणि वरण खळखळून उकळलं, भाजी परतून ठेवली, भात परातीत मोकळा करून गार केला, आणि सगळं खिडकीतल्या वाऱ्याला झाकून ठेवलं. फाल्गुनातली रात्र अजून थंड होती.

सकाळी ताजा स्वयंपाक करायचा तर डाळ हवी, भाजी हवी. डाळीचा डबा पुरणातच रिकामा झाला होता. गुरुजी पिशवी घेऊन निघाले. आज रंग आहे, सगळं बंद असेल, असं नंदाने सांगून पाहिलं. पण गुरुजींनी ओळखीच्या बनियाचा हवाला दिला आणि ते गेले. बनियाने दार उघडलं ते त्यांना रंगवायलाच. पाठोपाठ गल्लीतल्या पोरांनी उरलीसुरली कसर भरून काढली. गुरुजी परतले तेव्हा शेंडीपासून धोतरापर्यंत हिरवे होते आणि पिशवीत डाळीऐवजी कुणी तरी मूठभर अबीर टाकला होता.

ते अंग पुसतायत तोच दारात वाईची मंडळी उभी. रिक्षा चौकातच अडल्यामुळे गल्ल्यांतून पायी आलेली, लाल-जांभळी झालेली, आणि कालपासून पोटात स्टेशनवरच्या चहाशिवाय काही नसलेली. श्रीरामपंतांच्या पांढऱ्या मिशा गुलाबी झाल्या होत्या, पण नजर स्वयंपाकघराकडे होती. नंदाने सगळ्यांना आंघोळीसाठी घाटाची वाट दाखवली.

घर रिकामं झाल्यावर सुनीतीने झाकणं काढली. वास घेतला, बोटाने चव पाहिली. आमटी तर मुरून कालच्यापेक्षा सरस झाली होती.

"आता गाईंना जेवायला घालायचं की माणसांना, तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

गुरुजी बराच वेळ हिरव्या शेंडीतून हात फिरवत राहिले. वडिलांचा नेम एकीकडे, पंधरा भुकेली माणसं एकीकडे. शेवटी ते हळूच म्हणाले, "तुपातेलातल्या पदार्थाला शिळेपण लागत नाही, असं शास्त्रात आहे खरं."

"मग?"

"मग तळ. पण कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

सुनीतीने पदर खोचला. भातात बेसन, आलं-मिरची आणि दही घालून वडे थापले. बटाट्याची भाजी कणकेच्या पारीत भरून कचोऱ्या केल्या. वरणाला पाणी आणि फोडणी देऊन त्यात कणकेचे तुकडे सोडून वरणफळं केली. राहिलं पुरण. त्या दिवशी अख्ख्या बनारसात घरोघरी खव्याच्या गुझिया होत्या. सुनीतीने करंजीच्या पारीत खव्याच्या जागी पुरण भरलं, कडेला मुरड घातली आणि तुपात सोडलं.

पंगत बसली. वडे-कचोऱ्यांच्या पराती पहिल्या काही मिनिटांतच रिकाम्या झाल्या. गुझिया आल्या आणि श्रीरामपंतांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी हातात धरून म्हणाले, की असं पुरण वाईतही खाल्लं नाही. पहाटे कितीला उठलात?

गुरुजींनी हातातला घास पानात ठेवला. ते आता काय बोलतील याचा भरवसा नव्हता, म्हणून सुनीतीच पुढे झाली.

"पुरण कालचं आहे पंत. भातही कालचा आणि भाजीही. तुमच्यासाठी केलं होतं, तुमचीच वाट बघत राहिलं. सकाळी फक्त नवीन रूप दिलं."

श्रीरामपंतांचा हात गुझियासकट हवेतच थांबला. त्यांच्या घरात शिळं चालत नाही, हे वाईत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तेच सगळ्यांना सांगत असत. सुनीतीला वाटलं, आता हे पानावरून उठतात.

तेवढ्यात शेजारच्या पानावरून त्यांच्या बायकोचा, बकुळाबाईंचा शांत आवाज आला. "खा हो. लग्न झाल्यापासून खाताय. आज कुणीतरी सांगितलं, एवढंच."

श्रीरामपंतांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"म्हणजे ते शुक्रवारचे वडे?"

"गुरुवारचा भात."

आधी बायका हसल्या, मग सगळी पंगत, आणि सर्वांत शेवटी, मोठ्याने, गुरुजी. श्रीरामपंत हसले नाहीत. त्यांनी हातातली गुझिया नीट बघितली, जणू तिची काही चूक नव्हती अशा नजरेने, आणि तोंडात टाकली. पुढे आणखी दोन मागून घेतल्या.

जेवणं आटोपल्यावर बकुळाबाई सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसून सुनीतीला म्हणाल्या, "भातात दही कशाला घातलंत? मी ताक घालते." मग दोघींचं जे सुरू झालं, ते ऊन उतरेपर्यंत संपलं नाही. शिळ्या पोळीचा चिवडा, उरलेल्या उसळीची थालीपिठं, नासलेल्या दुधाच्या वड्या. नंदा ऐकता ऐकता म्हणाली, "आई, म्हणजे मीपण हे सब खात आलेय?" दोघींनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी मंडळींना नावेतून घाट दाखवायला गुरुजी निघाले, तेव्हा बकुळाबाईंनी सुनीतीलाही ओढून नेलं. गुरुजी एकेका घाटाचं माहात्म्य सांगत होते. अहिल्याबाई घाट आला, मागे पडला. श्रीरामपंतांचं लक्ष नव्हतं. ते पाण्याकडे बघत होते, मधूनच बोटांवर मोजून काही आठवत होते, आणि थोड्या थोड्या वेळाने बायकोच्या कानाशी वाकून विचारत होते.

"संक्रांतीनंतरच्या त्या गुळाच्या पोळ्या?"

"त्या ताज्या."

"आणि दिवाळीतलं कडबोळं?"

बकुळाबाईंनी सुनीतीकडे बघून डोळे मिचकावले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, की बाकीचं परतीच्या गाडीत सांगेन, वाट लांबची आहे.