रोज रिकामा परतणारा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे मोजू नका, मोजून संपायचे नाहीत. मी एक स्टीलचा जेवणाचा डबा आहे. खालच्या पुडात भात, वरच्या पुडात भाजी आणि दोन्ही घट्ट धरून ठेवणारा बाजूचा खटका, एवढाच माझा देह. तरी मला पुष्कळ काही बघावे लागले. घर आणि शाळा या दोन्ही जागी रोज जाणारा माझ्यासारखा दुसरा कोण असणार? घरी शाळेतले कळत नाही आणि शाळेत घरातले. मला मात्र दोन्हीकडचे कळत होते. सांगायला तोंड नव्हते. झाकण होते, पण ते दुसऱ्याच्या हातात.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या चकतीवर यंत्र दाबले गेले आणि मला पोट आले. एका कामगाराने मला फिरत्या चाकावर धरून इतके घासले, की त्याला माझ्यात स्वतःचे नाक दिसू लागले. मग मी दुकानात आलो. तिथे एका बाईने मला उचलले, चार वेळा खटका उघडून बंद केला आणि दुकानदाराला म्हणाली, "हा द्या. याचं तोंड घट्ट आहे." ती शिवणाच्या कारखान्यात काज-बटण करायची. दुपारी सगळ्या बायका यंत्रे बंद करून खाली गोल बसायच्या आणि एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. मी घरी जाताना कुणाचे काय पोटात घेऊन जायचो, ते मलाही ठाऊक नसायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे ती आजारी पडली. तिचा नवरा खिडक्यांना काचा बसवायचा. तो कामावरून सुटला की मऊ भात करून मला घेऊन दवाखान्यात जायचा. आधी मी रिकामा परत यायचो. मग अर्धा. शेवटी शेवटी मी भरलेलाच परत येऊ लागलो. एका संध्याकाळी तो मला घेऊन घरी आला आणि मला ओट्यावर ठेवून तसाच बसून राहिला. कुणा शेजारणीने मला दुसऱ्या दिवशी घासले आणि फळीवर पालथे घातले. त्या फळीवर मी किती काळ होतो, सांगता येत नाही. धूळ बसली की काळ कळत नाही.

त्यांची एक मुलगी होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. ती मोठ्या शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या बाबांनी मला फळीवरून काढले. बराच वेळ हातात धरले आणि मग घासायला घेतले.

बाबांना स्वयंपाक येत नव्हता. काच ते अशी कापत की रेघ मारून घ्यावी. पण कांदा चिरायला बसले की एक फोड बोटाएवढी आणि दुसरी नखाएवढी. तरी ते शिकले. संध्याकाळी भिंगरी आली की ते आधी तिच्या पिशवीतून मला काढायचे आणि हातावर तोलायचे. मी हलका लागलो की म्हणायचे, "शाब्बास!" मग कामाला लागायचे. भिंगरीला ते तोलणे कशासाठी आहे ते माहीत होते. मलाही होते. आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नाही.

मग मोठ्या परीक्षेचे वर्ष आले. आदल्या वर्षी शाळेचा निकाल घसरला होता. शाळेत पालकांची सभा झाली. एक किराणा दुकानदार म्हणाले, "मुलं घरी येऊन करतात काय? मोबाईल! त्यापेक्षा शाळेतच डांबून ठेवा." सगळे हसले. जादा तास कुणाकुणाला हवेत, असे मुख्याध्यापिकांनी विचारले. मुले त्यांना मोठ्या बाई म्हणत. सगळ्यात आधी हात वर गेला तो भिंगरीच्या बाबांचा. ते म्हणाले, "मला हिचा अभ्यास घेता येत नाही. हिची आई असती तर घेतला असता. शाळेनं ठेवून घेतलं तर उपकार होतील."

मित्रांनो, त्यात त्यांचे काही चुकले, असे मला आजही वाटत नाही.

जादा तास सुरू झाले. आधी शाळा भरण्यापूर्वी एक. मग शाळा सुटल्यावर दोन. रविवार गेला. शेवटी मधली सुट्टीही गेली, कारण सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून घ्यायला दुसरा वेळच उरला नव्हता. डबे बाकाखालच्या पिशव्यांत तसेच पडून राहू लागले. एका मुलाने बाकाखाली डोके घालून दोन घास खाल्ले, तर गणिताचे सर म्हणाले, "बाहेर ये. सगळ्यांना दाखव, काय आणलंयस." तो पुन्हा खाली वाकला नाही. मुले बसल्या बसल्या झोपू लागली. भिंगरी एकदा नळाजवळ भिंतीला धरून उभी राहिली, ती बराच वेळ तशीच.

पहिल्या दिवशी मी भरलेला निघालो, तेव्हा मला वाटले, आता बाबांना कळेल. पण भिंगरी फाटकातून बाहेर पडली नाही. ती शाळेमागच्या कचऱ्याच्या पिंपाकडे गेली, माझा खटका उघडला आणि मला उपडे केले. शिपाईमामांनी पाहिले.

"अगं, अन्न टाकतात का असं? खा की!"

"आता आंबलंय, मामा."

"मग घरी ने. तुझ्या बाबांना दिसू दे की."

"त्यांना दिसता कामा नये," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं."

घरी बाबांनी मला तोलले. "शाब्बास," ते म्हणाले. "आज भाजी आवडली वाटतं!" भिंगरीने मान डोलावली. पुढे रोज असेच होत गेले. मी रिकामा जायचो आणि बाबा खूश व्हायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, "हल्ली डबा अगदी चाटूनपुसून खाते. अभ्यासानं भूक लागते ना!" तिचा चेहरा उतरला होता, पण रिकाम्या डब्यावर त्यांचा फार विश्वास होता.

वर्गातली काही मुले मोठ्या बाईंकडे गेली. पुढे होती भिंगरीची मैत्रीण. तिला सगळे चष्मिस म्हणत आणि ती कुणालाच भीत नसे.

"बाई, आम्हाला मधली सुट्टी परत हवी. आणि संध्याकाळी घरी जाऊ द्या."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवले. "आणि निकाल खाली गेला तर कुणाला बोलणी बसतात? तुम्हाला?"

"अभ्यास करणार नाही, असं नाही म्हणत आम्ही. पण डोक्यात शिरतच नाही. काल सरांनी एकच गणित तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी झोपेत होते."

बाईंना हसू आले. ते त्यांनी दाबले. "हे बघा, हे तास तुमच्या आईवडिलांनी मागितलेत. मलाही घर आहे गं. माझ्या घरीही माणसं जेवायला थांबलेली असतात. परवा सभा आहे. पालकांनी नको म्हटलं, तर मी एका पायावर तयार आहे."

बाहेर आल्यावर चष्मिस म्हणाली, "आपण सांगून कुणी ऐकणार नाही. म्हणतील, कामचुकार आहेत. दाखवलं पाहिजे. परवा कुणी डबा ओतायचा नाही. आहे तसा बंद, बाकावर ठेवायचा. ज्याचं त्याला उघडू दे."

सगळ्यांना पटले. भिंगरी म्हणाली, "माझा नको."

"का? तुझ्या डब्याला काय सोनं लागलंय?"

भिंगरीने तिला बाजूला घेतले. मग तिने दवाखान्याचे सांगितले. तो भरलेला डबा, ते तोलणे, सगळे. चष्मिसने चष्मा काढून फ्रॉकला पुसला. "मग नको ठेवूस," ती म्हणाली. "आम्ही आहोत ना."

सभेच्या दिवशी तास संपल्यावर भिंगरी मला घेऊन नेहमीसारखी पिंपाकडे गेली. खटका उघडला. मला वाटले, आता मी उपडा होणार. ती नुसतीच उभी राहिली. मग तिने खटका लावला, वर्गात आली आणि मला बाकावर ठेवून बाजूला झाली.

सभा त्याच वर्गात होती. पालक आले आणि आपापल्या डब्यापाशी थबकले.

"अय्या, हा तर आमचा! हे रबर मीच लावलंय."

"अहो, पण हा जड कसा?"

किराणा दुकानदारांनी झाकण उघडले आणि नाक धरले. "अरे, तू तर म्हणायचास, पोट भरलं म्हणून!" त्यांचा मुलगा छताकडे पाहू लागला.

भिंगरीच्या बाबांनी मला उचलले. हाताला वजन लागले आणि ते खाली बसले. त्यांची बोटे खटक्यावर होती, पण तो त्यांना उघडेना.

भिंगरी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मी आजारी नाहीये. मला भूक लागते. खूप लागते. खायलाच वेळ नसतो."

"मग रोज रिकामा यायचा, तो?"

"मीच ओतून टाकायचे. तुम्ही घाबराल म्हणून."

मग गणिताचे सर उठले. ते वाईट नव्हते, मित्रांनो, तेही थकलेलेच होते. ते म्हणाले, "दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. एवढे दिवस कळ काढा. निवांत जेवायला पुढे अख्खं आयुष्य पडलंय."

बाबा उभे राहिले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती.

"आयुष्य पडलंय, असं आम्हीही समजत होतो, सर," ते म्हणाले. "हात मी वर केला होता. सगळ्यात आधी. बाई, माझा हात खाली धरा."

मग बोलाचाली झाली, आवाज चढले. जादा तास हवेतच म्हणणारेही होते. त्यांच्या मुलांचे गणित खरोखरच कच्चे होते. शेवटी ठरले ते असे: मधली सुट्टी पूर्ण मिळेल आणि त्या वेळेत कुणी वर्गात थांबायचे नाही, शिक्षकांनीही नाही. रविवार मोकळा. शाळा सुटल्यावर एकच तास, ज्याला हवा त्याच्यासाठी. सकाळचा तास मात्र राहिला. त्यावर मुले कुरकुरली, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "सगळंच एका दिवसात मागू नका. थोडं पुढच्या वर्गासाठी ठेवा."

निकाल कसा लागला, असे तुम्ही विचाराल. कुणाचा चांगला, कुणाचा बेताचा, दरवर्षी लागतो तसा.

मला आठवतो तो सभेनंतरचा दिवस. मधल्या सुट्टीत मुले झाडाखाली बसली. डब्यांची झाकणे एकदम उघडली, तेव्हा मला शिवणाच्या कारखान्यातल्या बायकांचा गोल आठवला. भिंगरी जेवली. संध्याकाळी ती पिंपाकडे वळली नाही, सरळ घरी आली. बाबांनी मला हातावर घेतले. मी पूर्ण हलका नव्हतो. त्यांनी तिच्याकडे पाहिले.

"थोडं उरलंय," ती म्हणाली. "बटाटे कच्चे होते, बाबा. चावतच नव्हते."

बाबांनी झाकण उघडले, उरलेला एक बटाटा तोंडात टाकला आणि चावून पाहिला.

"खरंच की गं," ते म्हणाले आणि हसू लागले. कितीतरी वेळ हसत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले, बाहीने.

आता भिंगरी पुढच्या शिक्षणासाठी दुसरीकडे असते आणि बाबा मला कामावर नेतात. माझा खटका सैल झाला आहे, त्याला दोरी बांधली आहे. मित्रांनो, तुमच्याही पिशवीत माझा एखादा भाऊ असेल. त्याला उघडायला वेळ मिळत नसेल, तर तो वेळ मागा. एकट्याने जमत नसेल, तर चौघांनी मिळून मागा, नीट बोलून मागा. आणि घरी कुणी विचारले, "जेवलास का?", "जेवलीस का?", तर त्यांना बरे वाटावे म्हणून काही सांगू नका. खरे सांगा. ज्यांनी सकाळी उठून डबा भरला आहे, त्यांच्यात ते ऐकायचे बळ असते.