उड्या मारणारी काडी

वडीगोद्रीच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर ओलांडायला बबलूनं पाय दाबला अन् ऐन वक्ताला गाडीनं मान टाकली. पाय पार तळाला, तरी गाडी उचलंना! समोरून कंटेनर धडधडत आलेला. स्टेअरिंग कसं फिरलं, गाडी खडीवर कशी उतरली, हे त्याचं त्याला ठाऊक न्हाई. मागं त्याची माय, चतुराबाई, जांब समर्थला दर्शनाला निघालेली. ती ओरडलीसुद्धा न्हाई, बसल्या जागी गोठून गेली.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कधीचा लागल्ता, पण बबलू कशाला लक्ष देतो! आता मात्र गाडी रखडत-रखडत थेट मिथुनच्या गॅरेजात आणली.

मिथुननं कॉम्प्युटर जोडला अन् वाचलं, "इनटेक मॅनिफोल्ड रनर कंट्रोल."

"हे काय नवीन लफडं?"

"इंजिनात हवा जाती ना, त्या नळ्यांत पाकळ्या राह्यत्यात. गाडी जोरात पळवली की त्या उघडल्या पाहिजेत. तुझ्या उघडूनच न्हाई राह्यल्या. मंग दमेकऱ्यावानी धापाच टाकणार की गाडी."

पाकळ्या कशानं अडल्या ते सापडायला मात्र घाम निघाला. मिथुननं इंजिनावरचं झाकण काढलं, एक जाड नळी बाजूला सारली अन् आत बॅटरी मारली. तिथं पाकळ्यांना ढकलणारी बोटाएवढी काडी होती. मिथुन बघतच राहिला.

"बबल्या, इकडं ये जल्दी."

काडीला काळा दोरा. शेजारच्या नळीला कचकचून आवळलेला, अन् गाठीत बिब्बा!

झाकणाखाली, इंजिनाच्या पोटात बिब्बा! हे काही उंदराचं काम न्हाई. कुणीतरी मुद्दाम हात घातल्ता. बबलूचं डोकं जे भणभणलं, विचारू नका.

"करणी! बेबीनंदा काकूच ती. बांधावरून भांडण झाल्यापासून डूख धरून बसली. आज दोन मढी निघाली असती माझ्या घरातून!" त्यानं काकूला फोन लावलासुद्धा. "आज गावासमोर तिची इज्जत काढतो."

"ठेव तो फोन," चतुराबाई म्हणाली. गॅरेजातल्या खुर्चीवरून उठून ती कधी जवळ आली, कळलंच नव्हतं. "म्या बांधला."

फोनात काकू "बबलू का? बोल की बाबा," म्हणत होती. बबलूनं तो बंद केला.

"माय, तू?"

"दसऱ्याला गाडी पुजली, तवा तूच झाकण काढल्तं. म्या हळदकुंकू लावून राह्यल्ते अन् तू आत बसून पाय दाबून राह्यल्तास. तू दाबला की ही काडी उडी मारायची. म्हणलं, हीच गाडी पळवती." तिनं काडीकडं बोट केलं. "तुझा राधेश्यामदादा असाच पळवत गेला ना रे. एक लेक रस्त्यानं खाल्ला माझा. म्हणलं, ही काडी बांधली तर दुसरा हळू जाईल. तू पाणी प्यायला गेल्तास, इंजिन बंद व्हतं, तवाच बांधला."

मिथुननं गुपचूप दोरा सोडवला, काजळी पुसली, वाकलेली काडी सरळ करून जागेवर खटकन बसवली. पाकळ्या मोकळ्या झाल्या.

"आज झालं ते ह्या दोऱ्यापायी का रे?" चतुराबाईनं विचारलं.

बबलूनं मिथुनकडं बघितलं. मिथुननं नजर चुकवली.

"न्हाई, माय. आत कचरा अडकल्ता."

"नक्की?"

"नक्की."

म्हातारीनं सुस्कारा सोडला अन् दोरा उचलून मिथुनपुढं धरला. "मंग बांध परत. त्याच काडीला."

आता आली का पंचाईत! बबलूनं चप्पल काढली अन् उजवा पाय पुढं केला.

"गाडीला नको, माय. ह्याला बांध. दाबतो तो हाच."

चतुराबाई खाली बसली, कातडीवर उतंल म्हणून बिब्बा तोडून टाकला, अन् लेकाच्या घोट्याला दोरा गुंडाळायला लागली. लेक गाडीला का नको म्हणला, ते गाठ मारता-मारता तिला उमगलं. एकाएकी तिनं त्या पायावर डोकं टेकवलं.

"माय, काय करती! ऊठ!"

"म्याच मारलं असतं रे तुला," ती म्हणाली.