उत्तर समुद्रातली तारली

रविवारी दुपारी हॉलंडमधल्या काटवाइकच्या किनाऱ्यावर शे-दीडशे मराठी माणसं पाण्याकडे डोळे लावून उभी होती. शंख वाजला. सागरनाथ महाराज गुडघाभर पाण्यात शिरले आणि सेवकांनी जाळं ओढलं. आत चकाकणाऱ्या तारल्या!

"कोकणातली तारली हॉलंडच्या गार समुद्रात!" महाराज गरजले. "आमच्यामागं सात समुद्र ओलांडून आली! एकेचाळीस दिवस हा प्रसाद खा. साखर, रक्तदाब, व्हिसा, सगळं मार्गी लागेल!"

लायडनला समुद्री जिवांवर संशोधन करणारी ऋता तिच्या मैत्रिणीच्या, सुनेत्राच्या काळजीनं आली होती. महाराजांच्या शब्दावर सुनेत्रानं कालपासून इन्सुलिन बंद केलं होतं. आता पाण्याची तिसरी बाटली संपवूनही तिची तहान भागत नव्हती.

ऋतानं पुढे होऊन एक मासा उचलला.

"महाराज, नुकता पकडलेला मासा तडफडतो. यातला एकही हलत नाही." तिनं अंगठ्यानं पोट फाडलं. "आणि आत बर्फ?"

"हिमालयाची शीतलता, कन्ये!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात सुनेत्रा मटकन वाळूत बसली. ते पाहून श्रीहर्ष नावाच्या सेवकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, मघाशी बंदरावरून गोठवलेल्या तारल्यांची पेटी आणली," तो पुटपुटला. "मासे जाळ्यात भरून पाण्यात बुडवून ठेवले होते."

गलका झाला. ऋतानं डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तसं सुनेत्राला तिच्या पर्समधलं इन्सुलिन टोचायला लावलं. तासाभरानं तिला हुशारी आली, तोवर महाराजांची गाडी पसार झाली होती.

"म्हणजे तारली इथं आलीच नाही!" गर्दीतले अरुणकाका म्हणाले.

ऋतानं सेवकांनी मागे टाकलेली रिकामी पेटी उलटी केली. बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलं होतं: उत्तर समुद्रात पकडलेली.

"आलीय, काका. कोकणच्या तारलीची ही चुलत बहीण. पूर्वी इथं क्वचित मिळायची. पाणी तापतंय, तशी दक्षिणेची मासळी वर सरकतेय. आणि इथला कॉड मासा गारवा शोधत उत्तरेला निघालाय."

समोर समुद्र नेहमीसारखाच करडा दिसत होता.

"आणि उत्तरेलाही गारवा उरला नाही तर?" काकांनी हळूच विचारलं.

ऋतानं पेटी वाळूत सरळ ठेवली.

"हेच विचारत राहा, काका," ती म्हणाली. "चमत्कार म्हटलं की आपण विचारायचं थांबतो. पाणी काही तापायचं थांबत नाही."