वगळलेलं कार्ड

चष्म्यांच्या दुकानातला जुना संगणक सुरू होण्याआधी पाच मिनिटं नुसता कण्हायचा. लेक म्हणायची, "बाबा, याला आता पेन्शनीत काढा." चष्मेवाले बाबा हसायचे, पण यंत्राला हात लावू द्यायचे नाहीत. आता मात्र स्क्रीनच मध्येच काळी पडू लागली, तेव्हा लेक रजा टाकून आली. गिऱ्हाइकांची यादी, प्रत्येकाच्या नावाचं एकेक कार्ड, नव्या संगणकावर न्यायची होती.

दुपारी शटर अर्धं खाली ओढून दोघं बसली. बाबा बराच वेळ एकच काच फडक्याने पुसत होते. मग हळूच म्हणाले, "आईचं कार्ड मिळेल का गं?"

"म्हणजे? यादीत नाही?"

"मीच काढलं. ती गेली त्याच आठवड्यात."

कार्ड काढायची सोय आईनेच केलेली. एकदा एका वारलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी 'डोळे तपासायला यावे' असं पत्र गेलं, आणि त्याची बायको ते हातात घेऊन दुकानात येऊन रडली. आईने दुसऱ्याच दिवशी प्रोग्रॅम बदलला. तेव्हापासून दुकानाचा नियम झाला: माणूस गेलं की कार्ड काढायचं. बाबांनी नियम पाळला. आईच्या वहीत बघून एकेक बटण दाबत गेले; कार्ड उघडून बघायचा धीर झाला नाही. 'नक्की काढायचं?' असं यंत्राने विचारलं, आणि या भल्या माणसाने 'हो' म्हटलं. दीड वर्ष ते त्यांचं मन खात होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तोंडाने सांगणार?"

लेकीला मात्र वेगळीच धास्ती वाटली.

आईने चाळिशीत बेसिक ही संगणकाची भाषा शिकून हा प्रोग्रॅम लिहिला होता. नवं गिऱ्हाईक आलं की प्रोग्रॅम मेमरीत एका कार्डापुरती जागा मागून घ्यायचा, आणि त्या जागेचा पत्ता आदल्या कार्डात लिहायचा. या पत्त्याला पॉइंटर म्हणतात. प्रत्येक कार्डाला फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक. कार्ड काढायचं म्हणजे आदल्याला सांगायचं, बाबा रे, याला सोड आणि याच्या पुढच्याकडे बोट दाखव. यादीतून माणूस नाहीसा होतो, पण त्याची जागा भरलेलीच राहते. ती मोकळी करायला वेगळी ओळ लागते, आणि ती लिहायला आई विसरली होती. संध्याकाळी सगळी मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरायची, वगळलेल्या माणसांसकट.

कॉलेजात असताना लेकीने ही चूक पकडली आणि आईचं डोकं खाल्लं. "अगं, घेतलेली जागा परत करायची असते!"

"राहू दे गं. त्यांची कुणाला अडचण होतेय?"

शेवटी लेकीने ती ओळ चिठ्ठीवर लिहूनच दिली. आई 'टाकते' म्हणाली होती. टाकली असेल, तर आईची जागा केव्हाच मोकळी झाली असणार आणि तिच्यावर दुसरंच गिऱ्हाईक येऊन बसलं असणार. म्हणजे आईला लेकीच्याच शहाणपणाने पुसून टाकलं असणार.

तिने प्रोग्रॅम उघडला. ओळी सरकत गेल्या. ती ओळ होती, चिठ्ठीतल्यासारखी, शब्दन् शब्द. तिने ती पुन्हा वाचली. मग तिला ओळीच्या सुरुवातीला तीन इंग्रजी अक्षरांचं 'रेम' दिसलं. ज्या ओळीआधी रेम, ती माणसाने नुसती वाचायची. यंत्र तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. खाली आणखी एक रेम होतं, आणि पुढे इंग्रजी अक्षरांत आईचं मराठी: 'लेकीने सांगितलंय. तिचं मन मोडायला नको म्हणून लिहिली. सवडीने बघू.'

"लबाड कुठली," लेक म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "बाबा, आहे ती! इथेच आहे!"

पण पत्ते धरून जाऊन आई सापडणार नव्हती. तिच्याकडे आता कुणाचंच बोट नव्हतं. लेकीने चार ओळी लिहिल्या: मेमरीच्या पहिल्या टोकापासून एकेका कार्डाएवढं पाऊल टाकत जायचं आणि दिसेल ते दाखवायचं. जिवंत आणि वारलेली गिऱ्हाइकं शेजारी-शेजारी येऊ लागली. बाबा ओळखत होते. "हे मास्तर. नाक बसकं, चष्मा सारखा घसरायचा. या शिवणवाल्या बाई."

मग एक कार्ड आलं. नावाच्या जागी आईने लिहिलं होतं, 'मी'.

खाली चष्म्याचा नंबर होता, अकरा वर्षं तोच. शेऱ्यात लिहिलं होतं: 'नंबर बदलत नाही. तरी दर सहा महिन्यांनी पत्र पाठवणे. तपासताना हे पाच मिनिटं फक्त माझ्याकडे बघतात.'

बाबांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. "मी तिला म्हणायचो, कशाला उगाच येतेस, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पुन्हा जोडू?" तिने विचारलं. "आदल्या कार्डात पत्ता लिहिला की झालं. पण मग पत्र निघेल हं. आपल्याच घरी."

बाबांना नियम पाठ होता. त्यांनी चष्मा उचलला, फडक्याने नीट पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"निघू दे," ते म्हणाले. "घ्यायला मी आहे की घरी."